खालचा ओझोन वरून कसा मोजायचा?

(व्याख्यानाचं शब्दांकन. पडद्यावर दाखवलेल्या नकाशांचं वर्णन शक्य तिथे वाक्यांतच घेतलं आहे. शेवटी प्रश्नोत्तरांतला निवडक भाग आहे.)



ओझोन म्हटलं की बहुतेकांना ओझोनचं भोक आठवतं. वरती एक थर आहे, तो सूर्याचे अतिनील किरण अडवतो, फ्रीजमधल्या वायूंनी तो विरळ झाला, मग त्या वायूंवर बंदी आली. हे सगळं बरोबर आहे. पण आज मी त्या ओझोनबद्दल बोलायला आलेलो नाही. तो आज आपल्या वाटेत येणार आहे, पण अडथळा म्हणून.

आजचा ओझोन आपल्या नाकाशी आहे. रेणू तोच, ऑक्सिजनचे तीन अणू. वीस-पंचवीस किलोमीटर उंचीवर असला तर छत्री, आणि जमिनीलगत असला तर विष. फुप्फुसांना चावतो, दमा असलेल्यांना त्रास देतो, झाडाच्या पानांच्या छिद्रांतून आत शिरून पेशी जाळतो. रबरालासुद्धा सोडत नाही. १९५० च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या धुरक्यावर काम करणारे हागन-स्मिट आणि त्यांचे सहकारी ओझोन मोजण्यासाठी वाकवलेल्या रबराच्या पट्ट्या वापरायचे. पट्टीला चिरा किती लवकर आणि किती खोल पडतात त्यावरून हवेत ओझोन किती ते कळायचं. आजही जुन्या टायरच्या बाजूला बारीक चिरा दिसतात ना, त्यात उन्हाबरोबर ओझोनचाही हात असतो.

याच हागन-स्मिटनी एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. हा ओझोन कुठल्याही धुराड्यातून बाहेर पडत नाही. गाड्या, वीजकेंद्रं, कारखाने यांच्यातून नायट्रोजनची ऑक्साइडं बाहेर पडतात. पेट्रोलची वाफ, रंग, द्रावकं, जळणारा पालापाचोळा, आणि हो, झाडंसुद्धा, यांच्यातून सेंद्रिय बाष्पं येतात. त्यांवर ऊन पडलं की ओझोन शिजतो. शिजतो हा शब्द मी मुद्दाम वापरतोय, कारण त्याला वेळ लागतो. शहराच्या चौकात जे निघतं त्याचा ओझोन दुपारी वाऱ्याच्या दिशेला, शहराबाहेर, शेतांवर तयार होतो. चौकात उलट तो कमी असू शकतो, कारण गाडीतून ताजा निघालेला नायट्रिक ऑक्साइड ओझोनला खाऊन टाकतो.

म्हणजे बघा, प्रदूषण शहराचं आणि भुर्दंड गावाला. आणि आपली मोजणारी यंत्रं कुठे आहेत? शहरांत.

हा भुर्दंड किती असेल याचा एक अंदाज पुण्यात निघालेला आहे. भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतल्या सचिन घुडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २००५ या वर्षासाठी हिशेब मांडला: ओझोनमुळे देशात गव्हाचं सुमारे ३५ लाख टन आणि तांदळाचं सुमारे २१ लाख टन उत्पादन कमी आलं. हा प्रतिरूपावरून, म्हणजे मॉडेलवरून काढलेला अंदाज आहे, कुणी शेताशेतात जाऊन मोजलेलं नाही. पण आकडा निम्मा धरला तरी तो छोटा नाही. शेतकऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. कीड दिसते, करपा दिसतो. ओझोननं गेलेलं पीक म्हणजे नुसता थोडा कमी भरलेला दाणा.

म्हणून प्रश्न असा, की हा ओझोन वाढतोय का? कुठे? किती वेगानं? 'वाढतोय हो, सगळंच वाढतंय' हे उत्तर चालणार नाही. मोजून सांगायला हवं.

आपल्याकडे एक सुंदर जुनी नोंद आहे. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत के. आर. रामनाथन संचालक असताना, १९५४-५५ साली जमिनीलगतचा ओझोन मोजला गेला होता. नव्वदच्या दशकात त्याच शहरात पुन्हा मोजमाप झालं. सरासरी सुमारे १५ पीपीबी होती ती सुमारे २५ झाली होती. पीपीबी म्हणजे हवेच्या एक अब्ज भागांत किती भाग. पण एका शहराच्या दोन नोंदी म्हणजे देशाचा नकाशा नव्हे. पुणे, दिल्ली आणि तिरुवनंतपुरम इथून हवामान खातं फुग्याला ओझोन मोजणारं यंत्र बांधून वर सोडत आलं आहे, त्याच्याही जुन्या नोंदी आहेत. पण एवढ्या मोठ्या देशात तीन ठिकाणं, आणि फुगा काही रोज सुटत नाही.

मग उपग्रह. तो रोज सगळीकडून जातो. शेतावरून जातो, समुद्रावरून जातो, ज्या देशात एकही यंत्र नाही तिथूनही जातो. ऐकायला सोपं वाटतं. खरी अडचण इथूनच सुरू होते.

ओझोन मोजायचं एकक आहे डॉब्सन. ऑक्सफर्डचे गॉर्डन डॉब्सन, १९२० च्या दशकात त्यांनी जमिनीवरून ओझोन मोजायचं यंत्र बनवलं, त्यांच्या नावावरून. कल्पना अशी की तुमच्या डोक्यावरच्या हवेतला सगळा ओझोन गोळा करून जमिनीवर, नेहमीच्या दाबाला आणि शून्य अंश तापमानाला पसरला, तर थर किती जाड होईल? शंभर डॉब्सन म्हणजे एक मिलिमीटर. आपल्याकडे साधारण २८० डॉब्सन असतो. म्हणजे तीन मिलिमीटरलाही थोडा कमी. रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवा, तेवढा. संपूर्ण जीवसृष्टीची छत्री दोन नाण्यांएवढी जाड.

यातला नव्वद टक्के वर, स्थितांबरात. खाली तपांबरात उरतो तो तीस-पस्तीस डॉब्सन. वहीचे तीन कागद. आणि उपग्रह बघतो वरून. त्याला आधी दोन नाणी लागतात, त्यांच्याखाली ते तीन कागद. आपल्याला विचारायचंय की गेल्या चाळीस वर्षांत चौथा कागद वाढला का?

यावर जॅक फिशमन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी ऐंशीच्या दशकात एक युक्ती वापरली. एकूण ओझोन एका यंत्रानं मोजायचा, फक्त वरचा दुसऱ्या यंत्रानं मोजायचा, आणि वजाबाकी करायची. उरला तो खालचा. ग्रामीण भागातल्या लोकांना हे लगेच कळेल. साखर कारखान्यावर ऊस कसा मोजतात? भरलेली ट्रॉली काट्यावर, मग रिकामी ट्रॉली काट्यावर, फरक तो ऊस.

फक्त इथे ट्रॉली भलतीच जड आहे. समजा भरलेली गाडी वीस टन, त्यात ऊस फक्त दोन टन. काट्यात एक टक्का चूक म्हणजे दोनशे किलो. गाडीच्या मानानं काहीच नाही, पण उसाच्या मानानं दहा टक्के! त्यात भर म्हणजे भरलेली गाडी एका काट्यावर मोजलीय आणि रिकामी दुसऱ्याच काट्यावर. कुठलाही ऊस उत्पादक याला मान्यता देणार नाही. (हशा)

तरीही यातून फिशमनना पहिल्यांदा मोठं काहीतरी दिसलं. दक्षिण अटलांटिक महासागरावर, जिथे ना कारखाने ना गाड्या, तिथे दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला ओझोनचा मोठा पट्टा दिसायचा. तो होता आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेत गवत आणि जंगल जाळण्यातून आलेला. जमिनीवरच्या यंत्रांना हे दिसणं शक्यच नव्हतं, कारण समुद्रात यंत्रं नाहीत.

नंतर काटे सुधारले. २००४ च्या जुलैत नासाचा 'ऑरा' उपग्रह गेला, त्यावर दोन्ही काटे शेजारीशेजारी आहेत. एक ओमी नावाचं यंत्र, नेदरलँड्स आणि फिनलंडनं दिलेलं. ते सरळ खाली बघतं आणि परत येणाऱ्या अतिनील प्रकाशातला किती गायब झालाय ते मोजतं. दुसरं एमएलएस. ते पुढे, क्षितिजाकडे तिरकं बघतं, मायक्रोवेव्हमध्ये, आणि वातावरणाचे वरचे थर एकेक करून मोजतं. एमएलएस पुढची जी हवा बघतं, साधारण सात मिनिटांनी ओमी त्याच हवेवरून जातं. म्हणजे गाडी आणि ट्रॉली एकाच वेळी मोजल्यासारखं. ही वजाबाकी नासाच्या गोडार्ड केंद्रातले जेरी झिमके आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं करत आलेत. हे काम बातम्यांत येत नाही. त्यात थरार काही नाही, नुसता चिवटपणा आहे.

आता एक महत्त्वाचा मुद्दा, इथे जरा थांबू. दीर्घकालीन बदल शोधायचा असेल तर काटा अचूक असणं तितकंसं महत्त्वाचं नाही. काटा कायम दोनशे किलो जास्त दाखवत असेल तर दाखवू दे, दरवर्षी तेवढंच जास्त दाखवेल, वाढ-घट बरोबर कळेल. महत्त्वाचं हे की काटा हळूहळू सरकता कामा नये. दहा वर्षांत अर्धा टक्का सरकला तरी आपला सगळा हिशेब गेला.

आणि अवकाशात काटे सरकतातच. याची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. १९७८ च्या ऑक्टोबरात 'निंबस-७' उपग्रह गेला, त्यावर ओझोन मोजणारी टॉम्स आणि एसबीयूव्ही ही दोन यंत्रं होती. पृथ्वीकडून येणारा प्रकाश मोजायचा तर मूळ सूर्यप्रकाश किती होता तेही मोजायला हवं. त्यासाठी यंत्रात एक खरबरीत पांढरट पट्टी होती. ती उघडायची, तिच्यावर ऊन घ्यायचं, मोजायचं, मिटायची. ज्या पट्टीनं सूर्य मोजायचा ती उन्हानंच काळवंडत गेली. गच्चीवरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीचं जे होतं तेच. पट्टी काळवंडली हे पूर्ण हिशेबात आलं नाही, आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्याला आकडे असे दिसू लागले की जगभरचा ओझोन भयंकर वेगानं घटतोय. शेवटी शंभरावर शास्त्रज्ञ बसले आणि १९८८ साली निष्कर्ष निघाला: घट खरी आहे, पण उपग्रहानं दाखवली त्यापेक्षा बरीच कमी. ही तुलना कशामुळे करता आली? जमिनीवरच्या डॉब्सनच्या जुन्या यंत्रांमुळे. त्यानंतरच्या टॉम्स यंत्रांत एकाऐवजी तीन पट्ट्या बसवल्या. एक सतत वापरायची, एक अधूनमधून, आणि एक अगदी क्वचित उघडायची, बाकीच्या दोघी किती काळवंडल्या ते बघायला. शिवाय १९८९ ते १९९६ या काळात स्पेस शटलमधून आठ वेळा तसंच एक यंत्र वर नेलं, तुलना केली आणि परत खाली आणून पुन्हा तपासलं. वजनमापं खातं जसं दुकानातला काटा तपासायला आपलं प्रमाणित वजन घेऊन जातं, तसंच.

ओमीचंही काही सगळं सुरळीत नाही. २००७ पासून त्याच्या दृष्टीसमोर काहीतरी आडवं आलंय, बहुधा उपग्रहावरच्या आवरणाचा सुटलेला तुकडा. त्यामुळे त्याच्या ६० ओळींपैकी काही ओळी आंधळ्या झाल्या, आणि हा भाग नंतर वाढत गेला. त्या ओळी काढून टाकून काम चालू ठेवलं.

आता एवढं सगळं सांभाळून हाती काय लागलं? झिमके आणि मंडळींनी २०१९ साली टॉम्सच्या १९७९ पासूनच्या नोंदी आणि ऑराच्या २०१६ पर्यंतच्या नोंदी जोडून ३८ वर्षांचा हिशेब मांडला. मधे १९९४ च्या अखेरीपासून १९९६ च्या मध्यापर्यंत टॉम्स मालिकेतलं एकही यंत्र वर नव्हतं, ती फट आहेच. नकाशा पडद्यावर आहे. लाल पट्टा पाहा: पश्चिम आशियापासून सुरू होतो, भारतावरून जातो, पूर्व आशियावरून पुढे प्रशांत महासागरावर पसरतो. या पट्ट्यात ३८ वर्षांत खालचा ओझोन सहा ते सात डॉब्सननं वाढला. म्हणजे पंधरा ते वीस टक्के. आणि त्यातला जवळपास चार डॉब्सनचा भाग २००५ नंतरच्या अकरा-बारा वर्षांतला आहे. आपला चौथा कागद अजून पूर्ण झालेला नाही, पण निम्म्याहून जास्त झालाय, आणि वेग वाढलाय.

इथे व्याख्यान संपवलं असतं तर छान झालं असतं. पण एक भानगड आहे, आणि ती न सांगणं म्हणजे फसवणूक होईल.

२०१८ साली जगभरच्या शास्त्रज्ञांनी मिळून तपांबरातल्या ओझोनचा मोठा आढावा घेतला. त्यात पाच वेगवेगळे उपग्रहीय हिशेब शेजारीशेजारी ठेवले. अतिनील प्रकाशावर चालणारे तीन, सगळे ओमीचे. आणि युरोपच्या मेटऑप उपग्रहावरच्या आयासी या यंत्राचे दोन, ते अवरक्त प्रकाशात बघतं, म्हणजे पृथ्वीतून निघणारी उष्णता. तोच ग्रह, तोच ओझोन, साधारण तोच काळ. अतिनीलवाले म्हणाले वाढतोय. अवरक्तवाले म्हणाले घटतोय.

बाहेरच्या माणसाला वाटेल, बघा, यांनाच काही कळत नाही. काही लोक तसं म्हणालेही. माझं मत वेगळं आहे: हे पाच आकडे एकाच पानावर छापण्याचं धाडस फार थोड्या क्षेत्रांत असतं.

भांडण कशामुळे? एक तर दोघं वेगवेगळ्या उंचीवर बघतात. अतिनील किरण खाली येता येता हवेच्या रेणूंवर आपटून विखुरतात, जमिनीजवळ फार थोडे पोचतात. अवरक्त यंत्राला मधली पाच-दहा किलोमीटरची हवा चांगली दिसते, पण जमीन आणि हवा यांच्या तापमानात फारसा फरक नसेल तर तळचं तेही धूसर. दुसरं, अवरक्तात ओझोन काढायचा तर हवेचं तापमान आधी माहीत असावं लागतं. आयासीच्या एका हिशेबात हे तापमान ज्या पद्धतीनं येत होतं ती पद्धतच मधेमधे सुधारत गेली. नंतर तपासल्यावर २०१० च्या सप्टेंबरात आकड्यांना एक उडी दिसली. हवेत काही झालं नव्हतं. दहा वर्षांच्या ओळीत एकच पायरी पडली तरी आलेख उतारासारखा दिसतो. तिसरं कारण म्हणजे काळ लहान. आठ-नऊ वर्षांत एल निनो येतो, जातो, ओझोन इकडचा तिकडे करतो. कांद्याच्या भावाचं बघा. ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंतचे भाव घेऊन महागाईचा दर काढला तर काय होईल?

मग पंच कोण? पंच निघाली प्रवासी विमानं. १९९४ पासून युरोपातल्या एका प्रकल्पात काही नेहमीच्या प्रवासी विमानांवर ओझोन मोजणारी छोटी यंत्रं बसवलेली आहेत. विमान उतरताना आणि चढताना प्रत्येक उंचीवरचा ओझोन थेट मोजला जातो, तेही हवा आत ओढून, कुठलीही वजाबाकी नाही. २०२० साली याचा हिशेब आला. उत्तर गोलार्धातल्या अकरा प्रदेशांत बघितलं, भारत त्यात आहे, आणि अकराच्या अकरा ठिकाणी नव्वदच्या मध्यापासून वाढ. पारडं ओमी-एमएलएसच्या बाजूला झुकलं.

विशेष काय, तर या काळात अमेरिका आणि युरोपनं नायट्रोजनची ऑक्साइडं बरीच कमी केली होती. तरी उत्तर गोलार्धाचा ओझोन वाढलाच. कारण धूर विषुववृत्ताकडे सरकला. आपल्या, आग्नेय आशियाच्या पट्ट्यात ऊन कडक, आणि गरम हवा भराभर वर चढते, त्यामुळे तेवढ्याच धुरात ओझोन जास्त शिजतो आणि उंचावर जाऊन आठवडेच्या आठवडे टिकतो. २००५ ते २०१० या काळाचा एक अभ्यास आहे, तोही उपग्रहांवरून. अमेरिकेच्या पश्चिम भागात स्वतःची ऑक्साइडं कमी केल्यामुळे वरच्या हवेतला ओझोन जेवढा घटायला हवा होता, त्यातली चाळीस टक्क्यांहून जास्त घट चीनकडून वाहत आलेल्या ओझोननं खाऊन टाकली. आता विचार करा, कॅलिफोर्नियातल्या माणसानं गाडी स्वच्छ केली आणि आकडा हलला नाही, तर तो म्हणेल नियम निरुपयोगी आहेत. ते निरुपयोगी नव्हते. वरून बघितल्याशिवाय हे कळलं नसतं.

२०२० च्या टाळेबंदीनं याचाच उलटा प्रयोग करून दाखवला. अनेक शहरांत जमिनीवरचा ओझोन वाढला, आणि वर्तमानपत्रांना कोडं पडलं की गाड्या बंद असताना हा कसा वाढला? मघाशी सांगितलं तेच. ओझोन खाणारा ताजा धूर नव्हता. पण एक ते आठ किलोमीटर उंचीवर, फुग्यांच्या नोंदींत, उत्तर गोलार्धात त्या वसंत-उन्हाळ्यात ओझोन सुमारे सात टक्क्यांनी खाली आला. उपग्रहांच्या वजाबाकीतही सुमारे तीन डॉब्सनची घट दिसली. स्वतंत्र काटे, उत्तर एक. त्या वर्षापर्यंत या वजाबाकीवर माझा विश्वास सत्तर टक्के होता म्हणा, त्यानंतर नव्वद झाला.

मात्र एक इशारा. उपग्रहाचा ओझोन म्हणजे आपण श्वासात घेतो तो ओझोन नव्हे. ते तीस-पस्तीस डॉब्सन जमिनीपासून पंधरा-सोळा किलोमीटरपर्यंत पसरलेले आहेत, आणि आपण राहतो पहिल्या दोन मीटरमध्ये. 'अमुक शहराचा ओझोन उपग्रहातून' असा रंगीत नकाशा कुणी फिरवला तर जरा जपून. दीर्घकालीन, मोठ्या प्रदेशाची दिशा विचारायची असेल तर उपग्रह उत्तम. आज दुपारी नातवाला मैदानावर पाठवू का, हे त्याला विचारू नका.

शेताच्या पातळीचा ओझोन ओळखायला उपग्रहांचा दुसरा एक उपयोग जास्त कामाचा आहे. ओझोन नव्हे, त्याचा शिधा मोजायचा. नायट्रोजन डायऑक्साइड उपग्रहाला छान दिसतो, आणि फॉर्माल्डिहाइडही, जो सेंद्रिय बाष्पांची खूण आहे. दोघांचं प्रमाण बघितलं की कळतं कुठला जिन्नस कमी पडतोय. तांदूळ भरपूर आणि पाणी कमी असेल तर तांदूळ कमी करून भात कमी होत नाही. म्हणजे काही शहरांच्या मध्यभागी नायट्रोजनची ऑक्साइडं थोडी घटवली तर ओझोन उलट वाढतो, आणि बाहेरच्या शेतांवर तीच ऑक्साइडं घटवली तर कमी होतो. चीनमध्ये २०१३ ते २०१७ या काळात हवेतले सूक्ष्म कण सुमारे चाळीस टक्के कमी झाले, मोठं यश, पण मोठ्या शहरांच्या समूहांत उन्हाळी ओझोन वाढत गेला. एक कारण असं सांगितलं जातं की ओझोन घडवणारे काही चपळ रेणू त्या कणांवर चिकटून नष्ट व्हायचे, ते कणच गेले. आपण आत्ता कणांच्या मागे लागलोय, आणि लागायलाच हवं. पण त्याबरोबर ओझोनचा आलेख डोळ्यासमोर हवा.

प्रश्नोत्तरांतून

*ओझोनचा वरचा थर आता सुधारतोय. तोच खाली येत असेल, म्हणून वाढ दिसत नसेल कशावरून?*

चांगला प्रश्न. वरून थोडा ओझोन खाली येतोच. जगभर मिळून वर्षाला साधारण पन्नास कोटी टन. पण तपांबरात रसायनांतून तयार होणारा याच्या सुमारे दहापट आहे. अर्थात तयार झालेला बराचसा तिथेच नष्टही होतो, त्यामुळे वरचा वाटा अगदीच सोडून देता येत नाही, काही वर्षी तो जाणवतो. पण वाढीचा नकाशा बघा. वरून उतरला असता तर तो ठरावीक अक्षांशांवर, ठरावीक ऋतूत, गोल फिरून सगळीकडे दिसला असता. आपला लाल पट्टा धुराच्या नकाशावर बसतो.

*उपग्रह दिवसातून एकदाच जातो. मग दुपारचाच ओझोन मोजतो का?*

हो. ऑरा दुपारी पावणेदोनच्या सुमाराला, मेटऑप सकाळी साडेनऊच्या आसपास. म्हणून कोरियानं २०२० साली जेम्स नावाचं यंत्र भूस्थिर कक्षेत पाठवलं, ते दिवसा दर तासाला आशिया बघतं. फक्त त्याची चौकट पश्चिमेला साधारण ७५ अंश रेखांशापर्यंत आहे. सोलापूर, लातूर, नागपूर आत. पुणे आणि मुंबई काठाच्या जरासे बाहेर राहिले. पुणेकरांनी वाईट वाटून घेऊ नये. (हशा)

*हे आकडे सामान्य माणसाला बघायला मिळतात का?*

मिळतात, फुकट. ओमी आणि एमएलएसची वजाबाकी ऑक्टोबर २००४ पासून महिन्यागणिक नासाच्या गोडार्ड केंद्राच्या संकेतस्थळावर ठेवलेली आहे. एका चौकोनाला एक आकडा, चौकोन साधारण १०० किलोमीटरहून थोडा मोठा. विदर्भावरचे चार-सहा चौकोन घ्या. प्रत्येक महिन्याची सगळ्या वर्षांची सरासरी काढा, ती त्या-त्या महिन्यातून वजा करा, नाहीतर उन्हाळा-पावसाळ्याचा चढउतारच तुम्हाला दिसत राहील. मग उरलेल्यातून रेघ ओढा. जून ते सप्टेंबर वेगळे ठेवा, कारण फार ढगाळ दृश्यं या हिशेबातून गाळलेली असतात आणि मॉन्सूनमध्ये आपल्याकडे हाती थोडंच उरतं. एका विद्यार्थ्याला साधा लॅपटॉप घेऊन शनिवार-रविवारात होण्यासारखं काम आहे. कुणी केलं तर मला आलेख जरूर पाठवा, आणि २०२० साल त्यात कुठे बसतं ते आधी बघा.